उजेड खालून येतो

तामाओ सतरा वर्षांची आहे. मी तिच्याकडे कामाला लागले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि ती पंधरा. आज जिना चढताना माझे गुडघे बोलतात, चष्म्याशिवाय स्टेशनावरची पाटी वाचता येत नाही, आणि ती बया सतराचीच. तीस वर्षांत ती दोन वर्षांनी मोठी झाली. तेवढ्यात आम्ही म्हाताऱ्या झालो, पण त्याचं कुणाला काय?

माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, ‘तामाओचं बंदर’ म्हटलं की तिचा चेहरा फुलतो. मुलींच्या मासिकात दर महिन्याला यायची ती चित्रकथा. साठ पुस्तकं झाली, तीनदा टीव्हीवर आली. बंदरावर वाढलेली पोरकी तामाओ कोबेला जाऊन शिवणकाम शिकते आणि आपल्याला टाकून गेलेल्या आईला शोधते, एवढीच गोष्ट. मध्ये एक कुरळ्या केसांची श्रीमंत वैरीण आणि एक वाऱ्यावर केस उडणारा तरुण. घरात बसून भात खात असला तरी त्याचे केस उडायचेच. पुस्तकावर नाव ओतोवा रुरी. बाईंचं खरं नाव योने, अगदी खेडवळ, पण योने नावाच्या बाईनं काढलेले तारे चमकणारे डोळे कोण विकत घेणार? आम्ही त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचो.

मी तोकी ओदाजिमा, ठिपकेवाली. ठिपके छापलेला चिकट कागद कापून जिथं सावली पडायची तिथं चिकटवायचा, हे माझं काम. तीस वर्षं केलं. कपडे धुतले तरी पायमोज्यांना ठिपके चिकटलेले असायचे. पण मला माझं रडगाणं सांगायचं नाहीये. मला फुमिए नागात्सुकाबद्दल सांगायचंय. तिच्याबद्दल दुसरं कुणी सांगणार नाही, आणि तिचं जे झालं त्यात माझा हात आहे.

फुमिएसान माझ्या आधी पाच वर्षं आली होती. आकिताची, योकोतेकडची. तिकडं हिवाळ्यात घराचा खालचा मजला बर्फात जातो. शाळा संपल्या संपल्या तिनं स्वतः काढलेली चार चित्रं टपालानं पाठवली, सेन्सेईंनी ‘ये’ म्हणून कळवलं, आणि ही एक पिशवी घेऊन ओइझुमीतल्या सेन्सेईंच्या दुमजली घरात आली. खाली आम्हा मदतनिसांची चार टेबलं, वर सेन्सेई. फुमिएसानचं टेबल स्टोव्हजवळचं. तिची आई दर डिसेंबरात धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं पाठवायची. खोकं उघडलं की खोलीभर धुराचा वास. सेन्सेई जिन्यावरून नाक दाबत म्हणायच्या, फुमिचान, तुझं गाव आलं वाटतं. आणि मग त्यातलं निम्मं एकट्याच संपवायच्या. ती पन्नाशीची झाली तरी त्यांच्यासाठी फुमिचानच, लहान पोरच होती.

पहिल्यांदा टीव्हीवर कार्टून आलं तेव्हा मी शाळेत होते, रविवारी संध्याकाळी टीव्हीपुढून हलायचे नाही. तिकडे योकोतेला फुमिएसानची आई शेजारणींना बोलावून सांगायची, हे माझ्या पोरीनं काढलंय. खरं तर टीव्हीतलं एक चित्रही तिनं काढलेलं नव्हतं, ते वेगळे लोक काढतात. पण आईला ते कोण सांगणार? फुमिएसाननं सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी खरीखुरी नटनट्यांची मालिका आली, तेव्हा सव्वीस वर्षांची एक नटी वेण्या घालून पंधरा वर्षांची झाली होती. सेन्सेईंनी दोन भाग बघून टीव्ही बंद केला. म्हणाल्या, हिच्या डोळ्यात काहीच नाही.

डोळे म्हणजे त्या घरातला देव होता. काम कसं चालायचं ते सांगते. सेन्सेई पेन्सिलीनं आखायच्या. मग शाईनं घरं, झाडं, गर्दी, कपडे, केस, अगदी तामाओचं नाक-तोंडसुद्धा फुमिएसान काढायची. मी ठिपके लावायचे. पान पूर्ण व्हायचं, फक्त तामाओला डोळे नसायचे. अशी बिनडोळ्यांची पानं महिनाभर साठायची. मासिकाला पानं द्यायच्या दिवशी सकाळी सेन्सेई खाली यायच्या, पूर्वेच्या खिडकीपाशी बसायच्या, आणि एकेक पान घेऊन डोळे घालायच्या. रेडिओ बंद. चहा नाही. कुणी शिंकलं तरी माफी मागायची. दुसऱ्या कुणी तामाओचे डोळे काढायचे नाहीत, हा नियम आल्या आल्या सांगितला जायचा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येक डोळ्यात तीन तारे, वर दोन, मध्ये एक. सर्रकन ओढलेल्या पापण्या. त्या हाताला तोड नव्हती, हे मी आजही म्हणेन. उगाच कशाला खोटं बोलू?

एकोणचाळिसाव्या पुस्तकाच्या वेळी तो हात बिघडला. अंगठ्याचं दुखणं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना होतं, पण सेन्सेईंचा अंगठा थरथरायलाच लागला. त्या सकाळी त्यांनी पहिलं पान घेतलं, टाक शाईत बुडवला, आणि तसाच धरून बसल्या. शाईचा एक थेंब टेबलावर पडला. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि पान हातानंच बाजूला सरकवलं, फुमिएसानकडे.

“फुमिचान, हे एवढं बघ.”

बस, एवढंच. आम्ही बाकीच्या खाली मान घालून ठिपके कापत राहिलो. फुमिएसाननं पान घेतलं, आणि दुपारपर्यंत छत्तीस पानांचे डोळे घालून दिले. त्यानंतर अकरा वर्षं तामाओचे सगळे डोळे तिनं काढले. नियम तोच राहिला: दुसऱ्या कुणी काढायचे नाहीत. फक्त सेन्सेई खिडकीपाशी बसायच्या आणि फुमिएसान त्यांच्या शेजारी. संपादक मियागुची पानं न्यायला यायचे, त्याच्या आधी ती आपल्या टेबलावर परत जायची. याबद्दल घरात कधी एक अवाक्षर निघालं नाही.

सुरुवातीला तिनं हुबेहूब तीन तारे काढले. कोण सांगेल वेगळे म्हणून? पण त्या हिवाळ्यात एक प्रसंग आला, तामाओ बर्फात उभी राहून आईच्या जुन्या घराकडे बघते. फुमिएसान त्या पानावर बराच वेळ अडली. मग तिनं वरचे दोन तारे काढलेच नाहीत. बुबुळाच्या अगदी खाली, पापणीला टेकून, एक बारीकसा उजेड ठेवला, आणि खालच्या पापणीची रेघ मध्ये सोडून दिली. मी म्हटलं, फुमिएसान, हे काय केलंस? तर ती ओशाळून हसली.

“आमच्याकडे उजेड खालून येतो गं. बर्फावरून. आई दारात उभी राहिली की तिचा चेहरा खालूनच उजळायचा.”

मला वाटलं, आता वादळ होणार. पण सेन्सेईंनी पान बघितलं, एकदा डोळ्यांजवळ नेलं, आणि गठ्ठ्यात ठेवलं. पुढच्या महिन्यात वाचकांची पत्रं आली. निइगाताच्या एका शाळकरी मुलीनं लिहिलं होतं की आधी तामाओ सुंदर दिसायची, आता ती खरंच काहीतरी बघतेय असं वाटतं. सेन्सेईंनी ते पत्र आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, बघा, वय झाल्यावरही माणूस शिकतो. फुमिएसानचे कान लाल झाले. मी मनात म्हटलं, शिकतो कोण आणि मिरवतो कोण. पण तोंडानं मीही ‘हो सेन्सेई’च म्हटलं. आम्ही सगळ्या हो सेन्सेईच म्हणायचो.

तेव्हापासून तो खालचा उजेड राहिला. त्याच दिवशी, पत्राच्या आनंदात असेल, सेन्सेईंनी तिला शब्द दिला. तामाओ ज्या दिवशी आईला भेटेल, त्या दिवशीचे डोळे तूच काढ, फुमिचान. फुमिएसाननं उठून कमरेत वाकून नमस्कार केला. जन्मात तिनं काही मागितलं नव्हतं. पुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात मदतनिसांची नावं असतात, तिथं तिचं नाव कधी यायचं, कधी जागा नाही म्हणून गळायचं, तिला त्याचं काही नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, तू काय दगड आहेस का? ती म्हणाली, “नाव नको मला. तेवढे एक डोळे काढायला मिळाले की झालं.” कसे काढणार तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. मला सांगितलं नाही. म्हणाली, तेव्हा बघशील.

लग्नासाठी तिला एक जण विचारत होता, छापखान्यातला, चांगला होता. ही पुढच्या पुस्तकानंतर, पुढच्या पुस्तकानंतर करत राहिली, शेवटी त्यानं वाट बघणं सोडलं. आई गेली तेव्हा ती एक दिवस गावी जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर. त्या महिन्याच्या पानांत तामाओचा उजेड जरा जास्तच खाली गेलाय. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला माहीत आहे, कारण त्या पानांवरचे ठिपके मी लावले आहेत.

आता माझा पराक्रम ऐका.

पुस्तक सत्तावन्न चालू असताना तिसऱ्यांदा टीव्हीचं ठरलं. नवं कार्टून, मोठा खर्च, शनिवारी संध्याकाळी. टीव्हीसाठी पात्रं कशी दिसावी हे एक जण ठरवतो आणि बाकीचे शंभर लोक त्याच्यावरून चित्रं काढतात. तो माणूस कुनिएदा, तिशीतला, सायकलवरून आमच्याकडे आला. अतिशय नम्र. म्हणाला, नमुन्यासाठी चाळीसेक पानं हवी आहेत. सेन्सेई तेव्हा हाताच्या इलाजाला गेल्या होत्या. त्यांनी फोनवरून मला सांगितलं, तोकी, तूच काढून दे, चांगली चांगली बघून.

फुमिएसान तेव्हा बाजारात गेली होती. मी कपाट उघडलं आणि एकोणचाळीसच्या पुढची पानं काढली. सगळी चाळीस पानं त्यांतलीच. पहिल्या अडतीस पुस्तकांतलं एकही पान दिलं नाही. मी स्वतःला म्हटलं, ही पानं जास्त चांगली आहेत. आणि ती होतीच. पण खरं सांगायचं तर मला वाटलं की एकदा तरी तिचे डोळे टीव्हीवर देशभर दिसू देत. नाव नाही तर नाही. मला फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं त्या दिवशी. संध्याकाळी मी फुमिएसानला सांगितलंसुद्धा. तिचा चेहरा पांढरा पडला. तोकीचान, हे नव्हतं करायचं, एवढंच ती म्हणाली. मला तिचा राग आला. म्हटलं, काय बाई आहे, हिचं भलं करायला गेलं तरी हिला भीती.

पहिला भाग तयार झाल्यावर टीव्हीवाल्यांनी आम्हा सगळ्यांना बघायला बोलावलं. छोटंसं थिएटर, पुढच्या रांगेत सेन्सेई, जांभळ्या किमोनोत. दिवे गेले. समुद्र दिसला, बंदर दिसलं, आणि मग सगळ्या पडद्यावर तामाओचा चेहरा. हळूहळू डोळे उघडले. खालून उजेड आला, भिंतीएवढा. मागं कुणीतरी हुंदका दिला. मी फुमिएसानकडे बघितलं, ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी सेन्सेईंकडे बघितलं नाही. तेवढी अक्कल मला तेव्हाही होती.

दिवे आल्यावर टाळ्या. कुनिएदानं पुढं येऊन वाकून सांगितलं की सेन्सेईंच्या उत्तरकाळातल्या डोळ्यांनी त्याची झोप उडवली, पहिले डोळे सुंदर आहेत, पण हे जिवंत आहेत. बिचारा मनापासून बोलत होता. सेन्सेई म्हणाल्या, छान. टॅक्सीत त्या पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होते. आरशात मला त्यांचा हात दिसत होता, दुसऱ्या हातानं दाबून धरलेला, तरी थरथरत होता. मला त्यांची कीव आली. हे मी लिहिते आहे, कारण पुढं मला त्यांचा इतका राग आला की कीव आली होती हे विसरायला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या. टीव्हीच्या निमित्तानं सगळी पुस्तकं मोठ्या आकारात पुन्हा छापायची, असं मियागुचींशी ठरलं होतं. सेन्सेईंनी कपाटातले गठ्ठे काढायला लावले, एकोणचाळीसपासूनचे सगळे. फुमिएसानच्या टेबलावर त्यांचा ढीग झाला.

“नव्या आवृत्तीआधी हे डोळे नीट करून घे, फुमिचान. मला ते सैल वाटतात. माझ्यासारखे करून दे, तीन तारे.”

अठरा पुस्तकं. अकरा वर्षं. मला बोलायचं होतं. देवाशपथ, बोलायचं होतं. ती पानं मी दिली, मला काय बोलायचं ते बोला, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि सेन्सेईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांना माहीत होतं. मी कात्री उचलली आणि ठिपके कापायला लागले. आयुष्यात भित्री माणसं मी पुष्कळ बघितली, पण त्या दिवसाच्या माझ्यासारखी नाही.

फुमिएसान म्हणाली, हो सेन्सेई. मग तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. शेवटच्या पानाचं तेवढं लक्षात असू द्या.

“दिलेला शब्द मी विसरत नाही,” सेन्सेई म्हणाल्या आणि वर गेल्या.

दोन वर्षं लागली. पांढऱ्या रंगाची बाटली, बारीक कुंचला. आधी डोळा पुसायचा, म्हणजे पांढऱ्यानं झाकायचा. वाळू द्यायचा. पुन्हा एक हात. वाळलं की त्याच्यावर टाकानं नवीन डोळा, वर दोन तारे, मध्ये एक. ती रोज सकाळी नऊला बसायची आणि काढलेले डोळे ओळीनं झाकत जायची. दहा-बारा पानं टेबलभर वाळत पडायची, सगळ्या तामाओ आंधळ्या. बर्फातलं पान आलं त्या दिवशी मी म्हटलं, हे एक राहू दे गं, कोण बघतंय? तिनं ऐकलं नाही. म्हणाली, “सेन्सेई बघतील. मग शेवटचं पान जाईल माझं.” तिच्या डोक्यात तेवढंच होतं. साठाव्या पुस्तकात तामाओ आईला भेटणार हे ठरलं होतं, आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून सगळं गिळत होती.

आणि गंमत बघा. तिकडे टीव्हीवर दर शनिवारी खालचा उजेड येतच होता, तो बदलणं आता सेन्सेईंच्याही हातात नव्हतं. शंभर लोक तसंच काढत होते. आणि पुस्तकांत मात्र तीन तारे परत आलेले. जुन्या आवृत्त्या शोधून कोण ताडून बघतंय? मग लोकांनी काय म्हणावं? टीव्हीवाल्यांनी डोळे बदलले, आणि काय सुरेख बदलले. त्या डोळ्यांसाठी कुनिएदाला बक्षीस मिळालं. त्यानं भाषणात सेन्सेईंच्या मूळ पानांचे आभार मानले, पण तोवर नवीन पुस्तकं दुकानात आली होती आणि त्यात तसं एकही पान नव्हतं. लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस. फुमिएसान दर शनिवारी भांडी तशीच ठेवून टीव्हीपुढं बसायची.

साठाव्या पुस्तकाचं शेवटचं पान मार्चमध्ये खाली आलं. सेन्सेईंनी ते स्वतः आणून फुमिएसानच्या टेबलावर ठेवलं. फुमिएसाननं त्या दिवसासाठी नवीन टाक विकत आणला होता, आठवड्यापासून पाकिटातून काढलाही नव्हता. आम्ही सगळ्या बघायला उठलो. पूर्ण पानभर एकच चित्र. कोबेचा धक्का, आणि तामाओ आईच्या खांद्यावर डोकं ठेवून. डोळे मिटलेले.

पेन्सिलीनं नाही, शाईनं. मिटलेल्या डोळ्याला दोनच रेघा लागतात, पापणीच्या. तेवढ्या सेन्सेईंनी स्वतः ओढल्या होत्या. जरा कापऱ्या होत्या, पण रडणाऱ्या मुलीच्या म्हणून खपून जाण्यासारख्या.

सेन्सेईंनी खिडकीकडे बघून सांगितलं की आई भेटल्यावर डोळे मिटलेलेच शोभतात. मग म्हणाल्या, केस भर, फुमिचान. फुमिएसान खाली बसली. तिनं तामाओचे केस काळ्या शाईनं भरले, एकही जागा न सोडता. नवीन टाक तिनं वापरला नाही. मासिक बाहेर पडलं तेव्हा समीक्षकांनी लिहिलं, अडतीस वर्षं डोळ्यांतून बोललेल्या चित्रकर्तीनं शेवटी डोळे मिटून दाखवले, याला म्हणतात कळस. मी ते मासिक कचऱ्यात टाकलं.

काम संपलं तसं घर बंद झालं. फुमिएसान चोपन्न वर्षांची होती. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागली, भाज्या चिरायला. मी कागदाच्या दुकानात. सेन्सेई पुढच्या वर्षी वारल्या, फोटोला फुलं वाहायला देशभरातून बायका आल्या, आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो.

त्याच्या पुढच्या वसंतात इकेबुकुरोला मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘तामाओचं बंदर’चं प्रदर्शन भरलं. मूळ पानं काचेत. मी जाणार नव्हते. फुमिएसानच म्हणाली, चल. आम्ही तिकीट काढून गेलो. पानं जवळून बघितली की डोळ्यांपाशी पांढऱ्याचा जाड थर दिसायचा, खपलीसारखा. एका बाईनं आपल्या मुलीला विचारलं, हे असं का गं? तिथं उभी असलेली मदतनीस मुलगी हसून सांगायला लागली की सेन्सेई डोळ्यांच्या बाबतीत इतक्या काटेकोर होत्या की मनासारखे होईपर्यंत पुसून पुसून काढायच्या. माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तर फुमिएसाननं माझी बाही धरली आणि त्या बाईला म्हणाली, हो, फार काटेकोर होत्या. आणि खरंच कौतुकानं म्हणाली. ते मला आजही सहन होत नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर लहान मुलींसाठी एक टेबल होतं. तामाओचा छापलेला चेहरा, डोळ्यांची जागा कोरी. तुम्ही डोळे काढा आणि भिंतीवर लावा. शाळकरी मुली रंगीत पेनांनी काय काय काढत होत्या. फुमिएसान थांबली. मग त्या चिमुकल्या खुर्चीवर, मुलींच्या मध्ये, गुडघे जवळ घेऊन बसली. पर्समधून तिनं एक पाकीट काढलं. त्यात तो नवीन टाक होता, न वापरलेला. शाई नव्हती, म्हणून टेबलावरचं काळं पेन घेतलं आणि टाक परत ठेवून दिला.

पाच मिनिटंही लागली नाहीत. मी मागं उभी होते. वर तारे नाहीत. खाली तोच उजेड, पण आज तो पापणीच्या काठावरून सांडून गालावर आला होता, आणि बुबुळात अगदी बारीक, दारात उभी असलेली एक बाई. चौदा-पंधरा वर्षं तिनं ते डोक्यात सांभाळलं होतं. मला रडू आवरेना, मी तोंडावर रुमाल धरला.

मदतनीस मुलीनं कागद घेतला, लांब धरून बघितला, आणि खरंच खूश झाली.

“किती छान काढलेत हो आजी. अगदी टीव्हीतल्यासारखे. कुनिएदांचे डोळे नीट बघितलेले दिसतायत.”

“हो,” फुमिएसान म्हणाली. “दर शनिवारी बघायचे.”

मुलीनं कागद भिंतीवर टाचला, खालून दुसऱ्या ओळीत, जिथं जागा होती तिथं. आणि सगळ्यांना देत होती तसा तामाओचा एक बिल्ला फुमिएसानच्या हातात ठेवला. तीन ताऱ्यांचा. फुमिएसाननं वाकून आभार मानले, तो कोटाला लावला, आणि आम्ही जिन्यानं खाली आलो.